मंजूर नफरी आणि कुंपणावरचा जवान: सीमा सुरक्षा दलात माणसे नेमकी कुठे कमी पडतात?

आपला प्रश्न मी समजलो तो असा. सीमा सुरक्षा दलात काही वर्षे कंपनी सांभाळल्यानंतर आपली बदली फ्रंटियर (सीमेच्या एका मोठ्या पट्ट्याच्या) मुख्यालयाच्या कार्मिक शाखेत झाली आहे. तिथल्या तक्त्यांत बहुतेक बटालियनची नफरी, म्हणजे एकूण जवानसंख्या, मंजूर संख्येच्या जवळपास भरलेली दिसते, तरीही प्रत्येक कमांडंटचे, म्हणजे बटालियनप्रमुखाचे, पत्र ‘माणसे नाहीत’ या वाक्यानेच सुरू होते आणि रजा नाकारल्याच्या तक्रारी वाढत आहेत. वाढीव भरतीची मागणी रेटावी, बदल्यांचे धोरण बदलावे, की कॅमेरे आणि सेन्सर यांवर भर देऊन माणसांची गरजच कमी करावी, असे आपण विचारले आहे.

मी याच दलात बटालियनच्या अॅडज्युटंटपदापासून मुख्यालयाच्या कार्मिक शाखेपर्यंत बरीच वर्षे काम केले आणि आता निवृत्त आहे. पुढे लिहिलेले सर्व त्या कामातून बनलेले मत आहे. चालू आदेश आपल्या टेबलावर आहेत आणि जिथे माझे म्हणणे त्यांच्याशी जुळणार नाही तिथे आदेशच प्रमाण मानावेत.

माझ्या समजुतीप्रमाणे आपल्यासमोरचा मूळ प्रश्न उपलब्धतेचा आहे. दलाच्या नावावर किती माणसे आहेत आणि रात्री दोन वाजता कुंपणावर किती माणसे उभी आहेत, या दोन संख्यांमध्ये जे अंतर पडते ते कुठल्याही तक्त्यात एका ठिकाणी दिसत नाही. कमांडंटला ते अंगावर जाणवते, पण मांडता येत नाही, म्हणून तो ‘माणसे नाहीत’ एवढेच लिहितो. कार्मिक शाखेचे पहिले काम हे अंतर मोजण्याचे आहे. ते मोजल्याशिवाय केलेली भरतीची मागणी वर टिकत नाही आणि टिकली तरी आपल्या कार्यकाळात फळ देत नाही.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. पाकिस्तानलगतची ३,३२३ किलोमीटरची आणि बांगलादेशलगतची ४,०९६ किलोमीटरची सीमा या मनुष्यबळाच्या दृष्टीने दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. पंजाबात सलग कुंपण, दिव्यांची रांग आणि कुंपणापलीकडे शेतकऱ्यांची जमीन आहे, म्हणून तिथे फाटकावरच्या ड्युटीला माणसे लागतात. दक्षिण बंगालमध्ये काही ठिकाणी वस्ती सीमारेषेला टेकलेली आहे आणि नदी आपले पात्र बदलते, त्यामुळे तिथे गस्त जास्त लागते आणि बंगाली समजणारा जवान लागतो. कच्छच्या खाड्यांत बोट चालवणारा आणि तिचे इंजिन दुरुस्त करणारा माणूस नसेल तर बाकीची कंपनी काठावर बसून राहते. आपले फ्रंटियर कोणते हे आपण लिहिलेले नाही, म्हणून मी सगळीकडे लागू पडेल तेवढेच सांगतो.

आता हिशेब. चोवीस तास दोन जवानांनी सांभाळायचा एक निरीक्षण मोर्चा, म्हणजे टेहळणीची जागा, घ्या. त्याला दिवसाला ४८ मनुष्यतास लागतात. प्रत्येक जवानाने सहा-सहा तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे १२ तास ड्युटी केली तर ४ जवान पुरतात. आठ तासांची ड्युटी धरली तर ६ लागतात. अधिकारी दर्जाखालच्या जवानाला वर्षाला ६० दिवस अर्जित आणि १५ दिवस नैमित्तिक अशी ७५ दिवसांची रजा मिळते असे धरले, तर तो ३६५ पैकी २९० दिवसच हजर असतो. म्हणजे बारा तासांच्या हिशेबाने या मोर्चाला ५ आणि आठ तासांच्या हिशेबाने साडेसात माणसे नावावर असावी लागतात. आठवड्यातून एक पूर्ण सुटी दिली तर हीच संख्या पावणेनऊच्या वर जाते. जवानाला वर्षातले १०० दिवस कुटुंबासोबत घालवता यावेत, असा मानस गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये जाहीर केला होता. तो साप्ताहिक सुटीसह खरोखर अमलात आणायचा तर साडेनऊहून अधिक माणसे लागतील. आणि यात अजून कोर्स, आजारपण, निवडणूक बंदोबस्त यांतले काहीही धरलेले नाही.

हे गणित कागदावर करून पाहाच, कारण त्यातून एक गोष्ट स्वच्छ होते. एकाच मोर्चाला ५ माणसेही ‘पुरतात’ आणि ९ सुद्धा ‘कमी पडतात’. या दोन संख्यांमधला फरक जवान आपल्या झोपेतून, साप्ताहिक सुटीतून आणि रजेतून भरून काढत असतो. त्यामुळे कुठलाही कमांडंट ‘माणसे नाहीत’ म्हणतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न हा विचारावा की किती तासांची ड्युटी आणि किती दिवसांची रजा गृहीत धरून तो हे म्हणतो आहे. दोन बटालियनची गृहीतके वेगळी असतील तर त्यांच्या पत्रांची तुलनाच होऊ शकत नाही, आणि जो कमांडंट जवानांना जास्त राबवतो त्याचीच बटालियन मुख्यालयाच्या नजरेत ‘कार्यक्षम’ ठरते.

दुसरी पायरी म्हणजे माणसे कुठे मुरतात ते शोधणे. आम्ही यासाठी एक साधी पद्धत वापरत असू. महिन्यातली एक रात्र आधी न सांगता निवडायची आणि प्रत्येक कंपनीकडून त्या रात्री दोन वाजताची स्थिती मागवायची: नावावर किती, रजेवर किती, कोर्सवर किती, दुसऱ्या कार्यालयात अटॅच किती, रुग्णालयात किंवा खालच्या वैद्यकीय श्रेणीत किती, निवडणूक किंवा अंतर्गत सुरक्षेच्या बंदोबस्ताला किती, चौकीच्या आतल्या कामांना किती, आणि हे सगळे वजा जाता प्रत्यक्ष सीमारेषेवर किती. शेवटचा आकडा पहिल्यांदा आला की पुष्कळ लोक अस्वस्थ होतात. माझा आग्रह असा राहील की या आकड्यावरून पहिले काही महिने कोणालाही जाब विचारू नये, नाहीतर पुढच्या महिन्यापासून तो आकडा सुंदर दिसू लागेल आणि उपयोगाचा राहणार नाही.

या यादीत ‘अटॅच’ हा रकाना सर्वांत नाजूक आहे. सेक्टर मुख्यालयात संगणक चालवणारा, कुठल्या तरी मेसमध्ये लागणारा, क्रीडासंघातला, वाहनांच्या कार्यशाळेतला, असे एकेक करून जवान निघून जातात. आदेश तात्पुरता असतो, पण त्याला संपण्याची तारीख नसते. मी एकच नियम सुचवेन: तारखेशिवाय अटॅचमेंटचा आदेश निघणार नाही आणि मुदत संपली की जवान आपोआप मूळ कंपनीत परत जाईल, वाढ हवी असेल तर मागणाऱ्या कार्यालयाने लेखी कारण द्यावे. यात अधिकाऱ्यांचा रोष ओढवतो हे खरे. तरीही नवीन माणूस न मागता सीमेवर माणसे परत आणण्याचा इतका लवकर फळ देणारा दुसरा मार्ग मला सापडला नाही.

चौकीच्या आतल्या कामांकडेही लक्ष द्या, कारण ते वरून दिसतच नाही. एखाद्या बीओपीवर, म्हणजे सीमा चौकीवर, कुक रजेवर गेला आणि त्याच्या जागी बदली कुक आला नाही, तर सामान्य ड्युटीतला जवान स्वयंपाकघरात जातो. सकाळी त्याने कणीक मळलेली असते, दुपारी पन्नास माणसांची भाजी चिरलेली असते आणि संध्याकाळी फॉल-इनमध्ये (हजेरीच्या रांगेत) रात्रीच्या नाक्याच्या, म्हणजे दबा धरून करायच्या पहाऱ्याच्या, यादीत त्याचेच नाव वाचले जाते. नफरीच्या तक्त्यात तो एक पूर्ण शिपाई आहे. नाक्यावर पहाटे तीन वाजता तो अर्धाही उरत नाही. पाणी आणणे, जनरेटर सांभाळणे, भांडार, गाडी, वायरलेस यांचेही असेच आहे. कुक, वॉटर कॅरिअर, धोबी, सफाईवाला या ट्रेड्समनच्या जागा रिकाम्या राहतात तेव्हा त्याचा फटका सामान्य ड्युटीच्या जवानाला बसतो, म्हणून भरतीच्या मागणीत मी या जागा नेहमी वर लिहीत असे.

आता रजेविषयी, आणि इथे मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला तोच वाटतो. कार्मिक शाखेत पुष्कळदा रजा ही सवलत समजली जाते, म्हणजे माणसे उरली तर रजा द्यायची. माझी पद्धत उलट होती. आधी रजेची यादी ठरवायची, मग उरलेल्या माणसांत ड्युटी बसवायची आणि जी बसत नाही ती तूट म्हणून वर कळवायची. ७५ दिवसांच्या हिशेबाने कंपनीतला साधारण पाचवा माणूस कायम रजेवर असायलाच हवा. एखाद्या कंपनीत मार्च ते ऑगस्ट या काळात दहातला एकच माणूस रजेवर दिसत असेल, तर ती कंपनी वर्षअखेरीवर कर्ज काढते आहे असे समजावे. नैमित्तिक रजा डिसेंबरअखेर बुडते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सगळे एकदम अर्ज करतात. नेमके तेव्हाच पंजाब आणि जम्मूत धुके उतरते आणि कुंपणावर नेहमीपेक्षा जास्त माणसे लागतात. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाची दक्षता आणि राजस्थानात ‘सर्द हवा’ ही हिवाळ्यातली जादा दक्षतेची मोहीम असते. मग रजा रद्द होतात, तक्रारी येतात आणि सगळे म्हणतात की माणसे कमी आहेत. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत रजेच्या निम्म्याहून थोड्या जास्त दिवसांचा वापर झाला पाहिजे, असे बंधन कंपनी कमांडरवर घातले तर ही गर्दी बरीच ओसरते. बंधन कमांडरवर असावे, जवानावर असू नये.

रजेचे नियोजन करताना जवान कुठला आहे हे पाहावेच लागते. कोकणातल्या मुलाला गणपतीत घरी जायचे असते, बिहारच्या मुलाला छठपूजेला, आसामच्या मुलाला बिहूला, आणि शेतकरी घरातल्या प्रत्येकाला पेरणी किंवा सुगीला. बटालियनमध्ये निरनिराळ्या राज्यांतले जवान मिसळलेले असतात हे या बाबतीत सोयीचेच ठरते, कारण सगळ्यांचे सण एका आठवड्यात येत नाहीत. महाराष्ट्राला आंतरराष्ट्रीय भूसीमा नाही, म्हणून आपल्याकडचा जवान कायम लांबच असतो. लातूर जिल्ह्यात चाकूरला दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, पण तिथली नेमणूक थोड्यांच्या वाट्याला येते. त्रिपुरातल्या चौकीवरून सोलापूरच्या गावी पोहोचायला रेल्वेने कित्येक दिवस जातात. अशा जवानाला दहा-दहा दिवसांचे तुकडे देणे म्हणजे त्याची रजा प्रवासात घालवणे आहे. त्याला कमी वेळा पण लांब रजा द्यावी आणि जवळच्या राज्यातल्या जवानाला त्याच्या इच्छेप्रमाणे छोटे तुकडे द्यावेत. पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर या मार्गांवर सर्व दर्जाच्या केंद्रीय दलांच्या जवानांना विमानप्रवासाची मुभा मिळाली. निर्णय सुरक्षेसाठी झाला, पण घरी मिळणारे दिवसही त्यामुळे वाढले.

रजेवरून परतणाऱ्या जवानाविषयी अधिक गंभीरपणे लिहितो. गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार केंद्रीय सशस्त्र दलांत आधीच्या पाच वर्षांत ७३० जवानांनी आत्महत्या केल्या आणि ५५ हजारांहून अधिक जवानांनी स्वेच्छानिवृत्ती किंवा राजीनामा घेतला. आत्महत्यांच्या कारणांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या कार्यदलाला असे आढळले की ८० टक्क्यांहून अधिक घटना जवान रजेवरून परतल्यानंतरच्या आहेत. यावरून रजा कमी करावी असा निष्कर्ष कोणी काढू नये. घरी गेल्यावर भावकीतला जमिनीचा वाद, कर्ज, लग्नातला ताण, आईवडिलांचे आजारपण हे सगळे एकदम समोर येते आणि त्यातले काहीही मार्गी लागण्याआधी परतीची गाडी पकडावी लागते. चौकीवर परतलेल्या त्या जवानाच्या हातात बंदूक असते आणि रात्रभर विचार करायला एकांत असतो. म्हणून रजेवरून आलेल्या प्रत्येकाशी कंपनी कमांडरने पहिल्या दोन दिवसांत एकट्याने बोलावे, आणि त्या बोलण्यातून एखादे काम निघाले तर ते कार्मिक शाखेने अंगावर घ्यावे.

हे काम बहुतेक वेळा अगदी साधे असते. सातबारावर फेरफार होत नाही, तलाठी दाद देत नाही, भावाने बांध कोरला आहे, पोलीस तक्रार घेत नाहीत, अशा स्वरूपाचे ते असते. कमांडंटच्या सहीचे पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस अधीक्षकांकडे गेले आणि शाखेतून कोणी दर पंधरा दिवसांनी त्याचा पाठपुरावा केला, तर पुष्कळ प्रकरणे हलतात. पत्राची प्रत जवानाच्या हातात द्यावी. आपल्या मागे कोणी उभे आहे हे त्याला त्या कागदावरून कळते, आणि वाद सुटायला वेळ लागला तरी त्याला थोडी स्वस्थता मिळते. मी सैनिक संमेलनात सर्वांसमोर अशा अडचणी विचारण्याच्या बाजूचा नाही. घरातल्या गोष्टी कोणी दोनशे माणसांत सांगत नाही.

बदल्यांबाबत माझे म्हणणे थोडक्यात आहे. संपूर्ण बटालियन फिरवण्याचा क्रम आपल्या हातात नाही, पण वैयक्तिक बदल्या काही प्रमाणात आहेत. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, जोखीम आणि खडतरपणा यांच्या कोष्टकानुसार भत्ते मिळू लागले, त्यामुळे कोणती जागा खडतर याविषयीचा वाद पैशापुरता तरी मिटला. पण पैशाने मुलांची शाळा सुटत नाही. बदलीचा आदेश फेब्रुवारीत हातात पडला आणि हालचाल एप्रिल-मेमध्ये झाली, तर निम्मे अर्ज येतच नाहीत. ज्याने खडतर भागात मुदत पूर्ण केली आहे त्याची यादी क्रमाने लावून ती फलकावर सर्वांना दिसेल अशी ठेवावी. क्रम चुकवून कोणाला हलवावे लागले तर, आजारपणासारखे खासगी कारण असल्यास तपशील न देता, कोणत्या नियमाखाली हलवले तेवढे तिथेच लिहावे. बदलीतला त्रास जवान सोसतो. क्रम लपवला गेला की मात्र विश्वास उडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ई-आवास व्यवस्थेमुळे एका दलाचे रिकामे घर दुसऱ्या दलाच्या जवानाला मिळू शकते. खडतर भागात जाणाऱ्या जवानाला आदेशासोबतच कुटुंबाच्या घराची माहिती दिली, तर त्याचा पहिला प्रश्न सुटलेला असतो.

महिला जवानांविषयी आपण विचारलेले नाही, पण नफरीच्या हिशेबात त्यांचा वेगळा विचार करणे भाग आहे. सीमा सुरक्षा दलात महिला शिपायांची पहिली तुकडी २००९ मध्ये सीमेवर गेली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सीमा दलांत शिपाई पातळीवर १४ ते १५ टक्के महिला असाव्यात असे ठरवले. पंजाबातल्या कुंपणाच्या फाटकावर शेतात जाणाऱ्या बायकांची झडती महिला जवानच घेऊ शकते. त्या फाटकावर एकच महिला शिपाई नेमलेली असेल आणि ती रजेवर गेली, तर एकतर फाटक उशिरा उघडते किंवा तिची रजा अडते. म्हणून महिला जवानांची नेमणूक फाटकनिहाय, रजेमुळे लागणारी जादा माणसे धरून करावी लागते, आणि त्यांना एकेकटे विखरून न टाकता राहण्याची व स्वच्छतागृहाची नीट सोय असलेल्या चौक्यांवर गटाने ठेवावे लागते. बरॅक आधी आणि नेमणूक नंतर हा क्रम पाळला गेला नाही तर त्याचा परिणाम पुढच्या भरतीवर होतो, कारण गावातल्या मुली आधी गेलेल्या मुलीला विचारूनच अर्ज भरतात.

आता भरती. तिच्यावर आपला ताबा फारच थोडा आहे. शिपाईपदाची परीक्षा कर्मचारी निवड आयोग सर्व दलांसाठी एकत्र घेतो. सीमा दलांतल्या जागांपैकी ६० टक्के राज्यांच्या लोकसंख्येनुसार, २० टक्के सीमावर्ती जिल्ह्यांना आणि २० टक्के दहशतवाद किंवा नक्षलवादाने ग्रासलेल्या भागांना, अशी वाटणी आहे. या शेवटच्या वाट्याचा लाभ आपल्याकडे गडचिरोलीच्या मुलांना झाला. प्रक्रियेला वेळ किती लागतो याचे सर्वांच्या लक्षात राहिलेले उदाहरण २०१८ च्या भरतीचे आहे: जाहिरात जुलै २०१८ मध्ये निघाली, लेखी परीक्षा २०१९ च्या सुरुवातीला झाली आणि अंतिम निकाल जानेवारी २०२१ मध्ये लागला. त्यातले वैद्यकीय चाचणीत पात्र ठरूनही निवड न झालेले उमेदवार २०२२ च्या उन्हाळ्यात नागपूरहून दिल्लीला पायी निघाले होते. कोविडचा काळ मध्ये आला हे मान्य करूनही, जाहिरात, मैदानी चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि त्यानंतरचे अनेक महिन्यांचे प्रशिक्षण मिळून आज मागितलेला माणूस कुंपणावर उभा राहायला दोन वर्षे सहज जातात. कार्मिक शाखेतली आपली मुदत तोवर संपलेली असेल. याचा अर्थ मागणी करू नये असा नाही. पुढची दोन-तीन वर्षे धरून, निवृत्त होणाऱ्यांची आणि प्रशिक्षण केंद्रांतल्या जागांची सांगड घालून ती करावी. एकदम मोठी तुकडी भरली की ती एकदम म्हातारी होते आणि एकदम निवृत्त होते. दरवर्षी थोडी पण नियमित भरती झाली तर वयाची साखळी सरळ राहते.

एक बदल मात्र मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. २०२४ पासून ही परीक्षा हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी आणि कोंकणीसह १३ प्रादेशिक भाषांत होते. गणित येत असूनही प्रश्नाची भाषा न कळल्यामुळे मागे राहणारी मुले मी पाहिलेली आहेत. दलाचे कामकाज हिंदीतच चालते आणि मुले ती प्रशिक्षणात शिकतात. आत येण्याच्या दारातच त्यांना अडवण्याचे कारण नव्हते. या दलाचे पहिले महासंचालक के. एफ. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले होते आणि १ डिसेंबर १९६५ रोजी त्यांनी ज्या दलाची सूत्रे घेतली ते निरनिराळ्या राज्यांच्या सशस्त्र पोलिसांच्या २५ बटालियन एकत्र आणून उभे केलेले होते. अनेक भाषांची माणसे एका बरॅकमध्ये आणण्याचा अनुभव या दलाला पहिल्या दिवसापासून आहे.

माणसे सोडून का जातात, हाही नफरीचाच भाग आहे. शिपाई म्हणून भरती झालेल्याला हवालदाराची फीत मिळायला पुष्कळदा दोन दशकांच्या जवळपास काळ जातो. १०, २० आणि ३० वर्षांनी मिळणारी आर्थिक बढती पगार वाढवते, पण खांद्यावर काही चढत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कमांडंटपर्यंतच्या पदांचे निवृत्तीचे वय ५७ वरून ६० झाले, त्यामुळे वरच्या जागा आणखी तीन वर्षे भरलेल्या राहिल्या आणि खालची रांग थांबली. अधिकाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये संवर्गाचा फेरआढावा सहा महिन्यांत घेण्याचे आणि महानिरीक्षक पदापर्यंतच्या, बाहेरच्या सेवेतून येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या प्रतिनियुक्त्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे निर्देश दिले. या गोष्टी आपल्या पातळीवर सुटणाऱ्या नाहीत. आपल्या पातळीवर एवढे नक्की करता येते की बढतीच्या कोर्सला पात्र असलेला कोणीही जवान ‘चौकीवर माणसे नाहीत’ या कारणाने अडवला जाणार नाही. बढतीसाठी शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीची, वैद्यकीय श्रेणी लागते, म्हणून वार्षिक तपासणीत रक्तदाब किंवा वजनामुळे खाली गेलेल्याला फेरतपासणीची तारीख वेळेवर मिळवून देणेही शाखेच्या हातात आहे. या दोन कामांत झालेली दिरंगाई जवानाची वर्षे खाते, आणि ती भरून देता येत नाहीत.

तंत्रज्ञानाविषयी आपला प्रश्न योग्य आहे, पण अपेक्षा सांभाळून ठेवावी. सप्टेंबर २०१८ मध्ये जम्मूत एकात्मिक सीमा व्यवस्थापनाचे दोन प्रायोगिक पट्टे सुरू झाले आणि मार्च २०१९ मध्ये आसामात धुबरीजवळ ब्रह्मपुत्रेच्या पात्रालगतच्या ६१ किलोमीटरवर सेन्सर बसवले गेले. जिथे कुंपण घालताच येत नाही तिथे हे उपयोगाचेच आहे. मात्र सेन्सरने हाक दिली की धावून जाणारी तुकडी तयार लागते, पडद्यासमोर चोवीस तास माणूस लागतो आणि पुरात वाहून गेलेली तार जोडणारा तंत्रज्ञही लागतो. पडद्यासमोर बारा तास बसवलेला जवान शेवटच्या काही तासांत काहीच पाहत नसतो, म्हणजे इथेही तेच रजेचे आणि तासांचे गणित लागू होते. यंत्रांमुळे कोणत्या प्रकारची माणसे हवीत ते बदलते. एकूण संख्या घटेल असे गृहीत धरून जागा परत करण्याची घाई करू नये.

शेवटी, मुख्यालयाला काय लिहावे या आपल्या थेट प्रश्नाकडे येतो. प्रस्तावात ‘नफरी अपुरी आहे’ हे वाक्य कुठेही नसावे. त्याऐवजी आधी सहा महिन्यांच्या रात्री दोनच्या नोंदी कंपनीवार जोडाव्यात. आठ तासांची ड्युटी, साप्ताहिक सुटी आणि पूर्ण रजा धरली तर किती माणसे लागतात आणि आज प्रत्यक्ष किती तासांची ड्युटी चालू आहे, हे शेजारी-शेजारी मांडावे. अटॅचमेंट संपवून आपण स्वतः किती माणसे परत आणली ते लिहावे, कारण स्वतःचे घर आवरलेल्याची मागणी वर गांभीर्याने वाचली जाते. मग उरलेली तूट प्रकारवार सांगावी: इतके कुक, इतक्या महिला शिपाई, इतके बोट चालवणारे, इतके सामान्य ड्युटीचे. प्रस्ताव मंजूर होईपर्यंत कोणत्या कंपनीत ड्युटी किती तासांवर जाईल आणि रजेला कुठे कात्री लागेल, हेही आपल्या सहीने नोंदवावे. तो भार आजवर कंपनी कमांडर आणि जवान मुकाट्याने उचलत आले आहेत. तो कागदावर आणण्याचा अधिकार आता आपल्या खुर्चीला आहे.